मादामिन अका आणि सीटवरचं प्लास्टिक

कारखान्यातून नवी गाडी येते तेव्हा तिच्या सीटांवर पातळ प्लास्टिक चढवलेलं असतं. शहाणा माणूस ते घरी आल्याबरोबर फाडून टाकतो. आमच्या कोकंद शहरात एवढे शहाणे फार नाहीत. आमच्याकडे लोक ते वर्षभर ठेवतात, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला गाडी नवी असल्याचं कळत राहतं. मादामिन अकाने, म्हणजे आमच्या मादामिनदादाने, मात्र कमालच केली. त्याची पांढरी कोबाल्ट गाडी सहा वर्षांची झाली, तिचे टायर बदलून झाले, बॅटरी बदलून झाली, तरी प्लास्टिक जिथल्या तिथे. ते कधी काढणार, असं कुणी विचारलं की भर बाजारात पायजमा उतरवायला सांगितल्यासारखा त्याचा चेहरा व्हायचा.

हा मादामिन सोन्याचे दात बसवायचा. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, पण त्याने लोकांचे दात कोरूनच घर बांधलं आणि गाडीही घेतली. एके काळी लग्नाआधी पोरीच्या तोंडात दोन दात चमकले की सासरचे खूश व्हायचे. आता पोरींना पांढरे दात हवेत. धंदा बसत चालला, तशी मादामिनची सगळी माया गाडीवर गेली. स्वतःच्या तोंडात त्याचे चार सोन्याचे दात होते, ते फक्त गाडीची तारीफ झाली की दिसायचे.

दिवसभर दुनियेच्या तोंडात हात घालणारा हा माणूस, पण गाडीत कुणी तोंड उघडलेलं त्याला खपायचं नाही. खाणं नाही. सूर्यफुलाच्या बिया फोडणं नाही. शिंक आली तर काच खाली करायची, मग शिंकायचं. पायातलं काढून पिशवीत घालायचं आणि पिशवी मांडीवर घेऊन बसायचं. खरबूज आणायचं असलं तर ते डोक्यावर घेऊन चालत या. आणि जुलैच्या उन्हात त्या प्लास्टिकवर बसायचं म्हणजे काय, हे त्याची बायको रिसोलत सांगायची, "यांच्या गाडीतून मी उतरते, पण माझी अर्धी कातडी तिथंच राहते गं." ब्रेक लागला की माणूस घसरत थेट खाली पायांपाशी. एकदा महल्ल्याच्या इमामसाहेबांना त्याने मोठ्या मानाने मागे बसवलं, तर वळणावर ते डावीकडून उजवीकडे असे गेले की उतरल्यावर त्यांनी जीव वाचल्याबद्दल अल्लाचे आभारच मानले.

रविवार हा गाडी साफ करायचा वार. नमाज चुकेल, रविवार चुकणार नाही. दात साफ करायच्या बारीक आकड्यांनी हा शिवणींतली धूळ उकरायचा. हवा येते त्या जाळ्यांतून कापसाचे बोळे फिरवायचा. एकदा तर आतला पुढचा सगळा भाग चमकावा म्हणून तेलासारखं काहीतरी चोपडलं, आणि हात फिरला तसा स्टिअरिंगवर आणि खाली ब्रेकच्या पट्टीवरही फिरवला. सोमवारी पाय सटकला आणि गाडी चायखान्याच्या फुलांच्या कुंड्यांत घुसली. चायखान्याचा मालक ओरडला, "अहो मादामिन अका, ब्रेकला कुणी मेकअप करतं का!" त्यावर हा म्हणतो कसा, "कुंड्या चुकीच्या जागी होत्या." अति शहाणा त्याचा बैल रिकामा, आणि याची तर गाडीसुद्धा रिकामीच फिरायची.

तर असं सगळं मजेत चाललं होतं. आणि मग नानायहून फोन आला.

नानाय म्हणजे तिकडे नमनगानच्या वर, डोंगरातलं गाव. मादामिनची आई होसियत तिथली. तिची थोरली बहीण तोजिखोन अजून तिथेच होती आणि आता अंथरुणाला खिळली होती. भाच्याने फोनवर सांगितलं, "मावशी, अम्मा काही खात नाही. दार वाजलं की विचारते, होसियत आली का? जमलं तर लवकर या."

होसियत खोला (खोला म्हणजे मावशी, सगळा महल्ला तिला तेच म्हणायचा) त्या दिवशीच गाठोडं बांधून अंगणातल्या लाकडी चौपाळ्यावर बसली. फार बोलणारी बाई नव्हे ती. संध्याकाळी मुलगा आला तेव्हा एवढंच म्हणाली, "बाळा, तोजिखोन चाललीय रे. मला एकदा तिच्यापाशी नेऊन सोड."

आता अडचण एकच होती. म्हातारीला गाडी लागायची. साध्या रस्त्याला लागायची, मग नानायच्या वळणांचं काय बोलायचं! मादामिनने आईकडे बघितलं, मग गाडीकडे बघितलं, मग पुन्हा आईकडे. त्याच्या डोळ्यांपुढे मरणाच्या दारातली मावशी आली नाही, मागची सीट आली.

"नेतो की आया, का नाही नेणार? रविवारी गाडी साफ होऊ दे, सोमवारी निघू." आईला तो आया म्हणायचा.

सोमवारी ऊन फार होतं. मग दुसऱ्या कुणाचा तरी जबडा मोजायचा होता. मग म्हणाला, "वरती पाऊस आहे म्हणतात, चिखल असेल." नानायचा भाचा फोन करत राहिला. होसियत खोला म्हणाली, "मी भाड्याच्या गाडीनं जाते रे. चौकातून सुटतात."

"भाड्याच्या? दारात कोबाल्ट उभी असताना माझी आई चार अनोळखी माणसांत कोंबून जाणार? लोक काय म्हणतील? मादामिन मेला काय?"

शेजारचा तुर्गुन कुंपणावरून ऐकत होता. त्याची डमास नावाची डबडी व्हॅन होती. तिच्यातून तो खालची खरबुजं डोंगरातल्या गावांत नेऊन विकायचा. तो म्हणाला, "अका, मी गुरुवारी वरच जातोय. खोलाला पुढं बसवून नेतो. काही त्रास होऊ देणार नाही."

"खरबुजांबरोबर माझी आई? तोंड सांभाळून बोल तुर्गुन. ती काय बाजारात विकायला काढलीय?"

"तसं नाही हो अका..."

"तुझ्या त्या गाडीची दार उघडायची कडी हातात येते. वास तर असा मारतो की माशी आत जायच्या आधी विचार करेल."

तुर्गुन आपल्या खरबुजांकडे वळला. म्हणजे बघा, हा स्वतः नेईना आणि दुसऱ्याला नेऊ देईना. गाजराची पुंगी होती, ती हा वाजवेना आणि मोडून खाऊही देईना.

शेवटी रिसोलतनेच त्याला झाडलं. "अहो, मावशी गेल्यावर प्लास्टिक पुसत बसा. उद्या सकाळी निघाला नाहीत तर मी आयांना पाठीवर घेऊन जाईन, आणि वाटेत भेटेल त्याला सांगेन की का नेतेय." ही धमकी बसली. लोकांना सांगणार म्हटलं की मादामिन कशालाही तयार व्हायचा.

सकाळी त्याने आईला उपाशी बसवलं. हातात पातेलं दिलं, गळ्याभोवती टॉवेल बांधला, मांडीवर आणखी एक चादर, आणि वर दटावलं, "आया, मळमळलं की आधी सांगायचं. आधी. नंतर नाही." म्हातारी एखाद्या शाळेतल्या पोरीसारखी मान डोलवत होती. तिने मात्र सदऱ्याच्या आत, पोटाशी, एक बरणी लपवली होती. तोजिखोनला कोकंदची दाट साय फार आवडायची. काही खात नाही म्हणतात, पण साय बघून एक बोट तरी चाटेल, एवढाच त्या बिचारीचा हिशेब.

शहराबाहेर कालव्याच्या पुलावर गाढवाची गाडी आडवी आली. ब्रेक लागला. होसियत खोला प्लास्टिकवरून घसरली, बरणी सुटली, झाकण उडालं, आणि साय सीटच्या मधल्या फटीतून आत शिरली, जिथे सहा वर्षांत कुणाचा श्वाससुद्धा गेला नव्हता.

मादामिनने गाडी बाजूला घेतली. मागे बघितलं. आणि जो ओरडला, त्या ओरडण्याने गाढव बिचकलं.

"हे काय आणलंस तू? हे काय?"

"साय रे. तोजिखोनसाठी."

"जुलैमध्ये साय! आया, ही आत नासणार! दोन तासांत नासणार!"

"असू दे रे बाळा. चल आधी. तिकडे गेल्यावर मी धुऊन देते."

आता कुठलाही माणूस काय करेल? फडका मारेल, शिव्या देईल आणि पुढे जाईल. मादामिनने गाडी वळवली. घराकडे! ज्या बहिणीला शेवटचं बघायचं ती एका दिशेला, आणि हा आईला घेऊन निघाला दुसऱ्या दिशेला, कारण साय ओली आहे तोवर काढली पाहिजे. म्हातारी मान वळवून मागच्या काचेतून नानायच्या रस्त्याकडे बघत राहिली. तिला गाडीही लागली नाही. आतडीच गोठली असतील बिचारीची.

घरी येऊन त्याने मनावर दगड ठेवला आणि अखेर ते प्लास्टिक फाडलं. रिसोलत मागे उभी होती, तिने डोक्यावरच्या रुमालाने नाक दाबलं. प्लास्टिकखाली सहा वर्षांचा घाम कोंडला होता. त्याला बाहेर पडायला वाटच नव्हती. कापडावर काळी बुरशी, हिरवट डाग, शिवणी कुजलेल्या. सायीचा डाग त्यात शोधावा लागला.

"बाई गं!" रिसोलत म्हणाली. "हे तर आमच्या खालच्या तळघरापेक्षा वाईट."

"आईच्या सायीमुळे झालं हे."

"साय सकाळी सांडली. ही बुरशी काय तिकीट काढून आली का तेवढ्यात?"

तेवढ्यात महल्ला जमला. आमच्याकडे मेलेल्याच्या घरी जेवढी माणसं जमत नाहीत तेवढी बिघडलेल्या गाडीपाशी जमतात, आणि प्रत्येकाला उपाय माहीत असतो. एक म्हणाला सोडा. दुसरा म्हणाला व्हिनेगर. तिसरा म्हणाला बुरशीला ब्लीचच पाहिजे. मादामिनने विचार केला, एकेक करत बसण्यापेक्षा सगळं एकदम टाकलं तर जोर वाढेल. त्याने व्हिनेगरवर ब्लीच ओतलं, आणि धूळ आत जाऊ नये म्हणून दारं-काचा लावून आत बसला घासायला. थोड्या वेळाने दार धाडकन उघडलं आणि मादामिन चारी पायांवर बाहेर आला. डोळ्यांतून धारा, नाकातून धारा, खोकून खोकून जीव कासावीस. पेंढ्यात वळवळणाऱ्या मांजरासारखा तो अंगणात लोळत होता. शेजारची एक म्हातारी म्हणाली, "दृष्ट लागलीय गाडीला. लागणारच. सहा वर्षं मिरवली की."

हे त्याला पटलं. स्वतःची चूक सोडून बाकी सगळं त्याला लगेच पटायचं.

मधल्या काळात घरातला फोन वाजला. रिसोलतने घेतला, ऐकला आणि बाहेर येऊन सासूपाशी बसली. तोजिखोन आता कुणाला ओळखत नव्हती, पण मध्येच जाग आली की होसियत आली का, एवढं विचारत होती. होसियत खोलाने गाठोड्याची गाठ पुन्हा आवळली. ती सुटली नव्हती, तरी आवळली.

"अहो, आता तरी ऐका," रिसोलत म्हणाली. "ओल्या सीटवर चादर टाका आणि निघा."

"या वासात? नानायला माझी अशी गाडी जाऊन उभी राहणार? दुपारपर्यंत थांब. डाग पेट्रोलने उठतात, मी करतो बघ."

दातांच्या कामात मेण उठवायला तो पेट्रोल वापरायचा, त्यामुळे ही विद्या त्याची घरची. त्याने डबाभर पेट्रोल घेतलं, चिंध्या भिजवल्या, सीटा, पाठी, खालचा गालिचा, छताचं कापडसुद्धा, सगळं चोळून काढलं. डाग उठले, खरं सांगतो. मादामिनचे सोन्याचे दात पहिल्यांदा दिसले त्या दिवशी. मग तो मागे सरकून उभा राहिला, हुंगलं, आणि म्हणाला, "फक्त वास राहिला. आणि दृष्ट. इसिरिक आण."

इसिरिक म्हणजे आमच्याकडे प्रत्येक घरात टांगलेल्या रानझुडपाच्या वाळक्या जुड्या. पोर रडलं, लेक सासरी निघाली, नवी गाडी आली, की निखाऱ्यावर ही टाकायची आणि धुरी द्यायची. वास पळतो, दृष्ट पळते, रोगराई पळते, असं सगळे म्हणतात. यात काही वाईट नाही. पण धुरी कुठे द्यावी याला काही अक्कल लागते की नाही?

"अहो, पेट्रोल ओलं आहे अजून," रिसोलत म्हणाली.

"तुला काय कळतं? धुरीने वास जातो."

"निखारा आहे तो!"

"निखारा आहे, आग नाहीये. आण म्हटलं ना."

ती आणेना, तेव्हा तो स्वतः गेला. तंदूरमधले निखारे लोखंडी पातेल्यात घेतले, वर मूठभर इसिरिक टाकली, फुंकर मारली, आणि तोंडाने "दृष्टावल्याची दृष्ट जळो, बोलणाऱ्याची जीभ जळो" असं पुटपुटत पातेलं मागच्या दारातून आत नेलं.

दृष्ट जळली की नाही ते माहीत नाही. बाकी सगळं जळलं. धप्प असा आवाज झाला, उशी आपटल्यासारखा, आणि गाडीच्या चारी काचांत पिवळा उजेड भरला. मादामिन उलटा अंगणात येऊन पडला. तुर्गुन कुंपणावरून उडी मारून आला. त्याने आधी मादामिनला काखेत धरून लांब ओढलं, मग ओली गोधडी टाकली, मग रिसोलतने होज ओढून आणला. विझवलं शेवटी. सीटा गेल्या, छताचं कापड लोंबत होतं, आणि मादामिनच्या भुवया, पापण्या आणि मिशीची एक बाजू अल्लाच्या वाटेला लागली. बाकी नशीब बलवत्तर, गाल आणि कपाळ तेवढं लाल झालं. रिसोलतने पाण्याखाली त्याचं डोकं धरलं आणि धरूनच ठेवलं. मध्ये तो काही बोलायला बघायचा, की ती आणखी खाली दाबायची.

तो पाण्यातून बाहेर आला तेव्हा त्याने बघितलं, चौपाळा रिकामा होता.

होसियत खोला गल्लीत होती. गाठोडं काखेत, डोक्याचा रुमाल घट्ट बांधलेला, तुर्गुनच्या डमासपाशी. तुर्गुन पुढच्या सीटवरचं खरबूज उचलून मागे टाकत होता, हाताने धूळ झटकत होता.

"आया!" मादामिन ओरडला. "आया, मी येतो ना घेऊन!"

म्हातारीने वळून बघितलं. बिनभुवयांचा, ओलाचिंब, अर्ध्या मिशीचा मुलगा बघून कुठल्याही आईला हसू तरी आलं असतं नाही तर रडू. तिला दोन्हींतलं काहीच आलं नाही.

"चल तुर्गुन," ती म्हणाली.

दार एकदा आपटून लागलं नाही, दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा लागलं आणि गाडी गेली.

दोन दिवसांनी तोजिखोन गेल्याचा निरोप आला.

मादामिन नानायला भाड्याच्या गाडीने गेला, चार अनोळखी माणसांत कोंबून. तिकडे पोहोचला तेव्हा माती होऊन गेली होती. पण माणसं भेटायला येत राहतात, आणि घरच्या पुरुषांनी लांब झगा घालून, कमरेला रुमाल बांधून दारात उभं राहायचं असतं, येणाऱ्याला बघून मोठ्याने रडायचं असतं. मादामिनलाही उभं केलं. त्याच्या भुवया नाहीत हे बघून नानायचे लोक आपसात म्हणू लागले, "बघा, भाचा असावा तर असा. मावशीच्या दुःखात भुवया उपटून टाकल्या." मादामिनने त्यांना दुरुस्त केलं नाही. उलट आणखी थोडं मोठ्याने रडला.

दुपारी गर्दी ओसरली, तेव्हा त्याला आई अक्रोडाच्या झाडाखाली एकटी सापडली. तो शेजारी बसला. झग्याच्या बाहीने त्याने तोंड पुसलं.

"भेटली का गं मावशी?"

"भेटली. ओळखलं तिनं." म्हातारीचा आवाज शांत होता. "आम्ही दोघी एका अंथरुणात झोपलो, लहानपणी झोपायचो तशा. तुतीच्या झाडावरून तू मला ढकललंस, असं म्हणत भांडत होती माझ्याशी. मी म्हटलं, तूच ढकललंस. शेवटपर्यंत कबूल झाली नाही बघ."

ती हसली आणि तिने रुमालाने डोळे पुसले. मादामिनने हात पुढे केला, मग तो मागे घेतला.

"वाटेत गाडी लागली असेल तुला."

"लागली की. प्रत्येक वळणाला. पातेलं घ्यायलासुद्धा वेळ मिळाला नाही."

"मग?"

"मग काय? तुर्गुननं गाडी थांबवली, माझं कपाळ धरलं. चूळ भरायला पाणी दिलं. सदरा भरला होता, तर ओढ्यावर नेऊन बसवलं आणि बाह्या स्वतःच्या हातांनी धुतल्या. म्हणाला, लाजू नको खोला, माझ्या आईलाही असंच व्हायचं."

मादामिनने मान हलवली. इथे गप्प बसला असता तर शोभलं असतं. पण जिभेला हाड नसतं, आणि याची जीभ तर सहा वर्षं एकच वाक्य घोळवत आलेली.

"आणि सीट? सीटचं काय केलं त्यानं?"

शब्द बाहेर पडले तसे त्याचे त्यालाच ऐकू आले. त्याचं तोंड उघडंच राहिलं.

आईने त्याच्याकडे बघितलं. रागाने नाही, एखादं परकं माणूस चुकीच्या घरात शिरलं की बघतात तसं.

"आधी मला धुतलं त्यानं," ती म्हणाली. "सीटचं मी विचारलं नाही. त्यालाही आठवलं नसावं."

मग ती गुडघ्यांवर हात ठेवून उठली आणि आत बायकांत गेली. दारातून मादामिनला हाका येत होत्या, कारण नवी माणसं आली होती आणि रडायला कुणीतरी हवं होतं.